दुसरी फेरी

"चालत जा, वेन्डेल. पळू नकोस. धावत येणारा कोच दिसला की पोराला वाटतं, घर पेटलंय." वेन्डेलच्या आधीचा कोच, म्हातारा होझिया पीबल्स, हे सांगायचा तेव्हा त्याच्या गालात उकडलेले शेंगदाणे असायचे. "आणि एक ध्यानात ठेव. एका डावात पहिल्यांदा चुन्याची रेष ओलांडलीस, तर तू बोलायला गेलास. त्याच डावात त्याच पोराकडे दुसऱ्यांदा गेलास, तर त्याला काढायला गेलास. मग तुझ्या मनात असो वा नसो. नियम तुझं मन विचारत नाही."

होझियाला जाऊन बरीच वर्षं झाली. अर्कान्सासच्या होझियाच्याच लहानशा कॉलेजात बेसबॉलच्या पिचरांना, म्हणजे मधल्या उंचवट्यावरून चेंडू फेकणाऱ्या पोरांना, शिकवता शिकवता वेन्डेल क्रॅब्ट्रीचे केस पिकले. टाच कुठे टेकायची, बोटं शिवणीवर कशी ठेवायची, फलंदाजाला चुकवायचं कसं, हे त्याने शिकवायचं. कोणी किती वेळ फेकायचं, हे मात्र ठरवायचा मुख्य कोच डार्विन स्टॉब्स. जिंकलं की छायाचित्र स्टॉब्सचं. हात गेला की तो पोराचा.

स्टॉब्सच्या खोलीत भिंतीवर जुन्या पिचरचं, रॉय्स ग्रिबलचं, मोठं छायाचित्र होतं, उजवा हात आभाळात आणि संघ त्याच्या अंगावर कोसळलेला. तो रॉय्स आता गुरांच्या खाद्याच्या दुकानात होता. दर रविवारी चर्चच्या दारात भेटला की वेन्डेलपुढे तो डावा हात करायचा, कारण उजव्याची मूठ वळत नव्हती. "कसे आहात, कोच?" असं हसून विचारायचा. ते हसणं वेन्डेलला शिवीपेक्षा जास्त झोंबे. राग हे पाप आहे, हे त्याने रविवारी ऐकलं होतं, बुधवारच्या प्रार्थनेतही ऐकलं होतं. गुडघे टेकून तो राग देवाच्या पायाशी ठेवायचा आणि उठताना तोच राग पुन्हा खिशात घालून घरी यायचा.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी गटाची अंतिम लढत होती. आठवा डाव, अवघ्या एका धावेची आघाडी, आणि उंचवट्यावर एमेट टुलोस. काठीसारखा उंच पोरगा, हसला की हिरड्या दिसायच्या. जाळीमागे व्यावसायिक संघांची माणसं वेग मोजायची यंत्रं रोखून बसली होती. पुढच्या महिन्यात ती आपापल्या संघांसाठी नवे खेळाडू निवडणार होती. एमेटला ते माहीत होतं, आणि स्टॉब्सला तर फारच माहीत होतं.

वेन्डेलने पाहिलं, एमेटचं कोपर खाली उतरू लागलंय. मग चेंडूवर पकड यावी म्हणून ठेवलेली राळेची पिशवी एमेटने फेकायच्या हाताऐवजी डाव्या हाताने उचलली.

वेन्डेल रेष ओलांडून चालत गेला.

"बोटं दाखव."

"ठीक आहेत, कोच."

"ठीक आहेत का ते विचारलं नाही. दाखव म्हणालो."

एमेटने हात पुढे केला. वेन्डेलने त्याच्या करंगळीत नख रुतवलं. पोरगा जाळीमागच्या माणसांकडेच बघत राहिला. चेहऱ्यावर आठीसुद्धा उमटली नाही.

"लागलं?"

"हो ना."

"खोटारड्या. काही कळलंसुद्धा नाही तुला."

"कोच, तुमच्या पाया पडतो, आज नको. ती माणसं बघतायत. आज काढलंत तर मी संपलो."

"आज नाही काढलं तर संपशील. ऐक. उद्या सकाळी मी स्वतः तुला मेम्फिसच्या इस्पितळात नेतो. वसतिगृहाच्या दारात येऊन घेऊन जातो. शब्द देतो."

"शब्द सगळेच देतात," एमेट म्हणाला. "रॉय्सलाही दिला असेल कोणीतरी."

पंच जवळ आला आणि गप्पा आटपा म्हणाला. वेन्डेल परत फिरला. तो तडक स्टॉब्सपाशी गेला.

"काढ त्याला, डार्विन. हाताला संवेदना नाही."

स्टॉब्सने सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकली. "सगळे फलंदाज गारद होतायत आणि म्हणे संवेदना नाही! तसं असेल तर बाकीच्यांचेही हात बधिर करून आण."

"विनोद करू नकोस."

"विनोद तू करतोयस. तू शिकव फेकायला. कधी थांबायचं ते मी बघतो. बस खाली."

वेन्डेल बसला. इतकी वर्षं तो असाच बसत आला होता. बाकाच्या त्याच कोपऱ्यात बसूनच त्याने रॉय्सचा हात जाताना पाहिला होता. एमेटने पुढचा चेंडू टाकला तसा त्याच्या तोंडून आवाज निघाला, लहान, कुत्र्याच्या पिल्लासारखा. यंत्रावरचा आकडा बघून जाळीमागचा एक जण मान डोलवत होता. प्रेक्षकांत एमेटचा बाप उभा राहून ओरडत होता, "अजून एक, पोरा! जाळून टाक!" आणि स्टॉब्स टाळ्या वाजवत होता.

त्या टाळ्या ऐकल्या आणि वेन्डेलच्या आत काहीतरी तुटलं. सगळ्यांना हवा होता तो हात. पोरगा कोणालाच नको होता!

तो उठला.

"कुठे निघालास?" स्टॉब्स म्हणाला. मग त्याला उमगलं. "वेन्डेल! क्रॅब्ट्री! त्या रेषेला पाय लावलास तर याद राख!"

वेन्डेलने रेषेला पाय लावला नाही. ओलांडली. चालतच. मागून स्टॉब्सच्या शिव्या येत होत्या, पण नियमाला शिव्या ऐकू येत नाहीत.

पंचाने मुखवटा वर केला. "त्याच डावात दुसरी फेरी, वेन्डेल. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग जावं लागेल त्याला."

"म्हणूनच आलोय."

एमेटने चेंडू त्याच्या हातात दिला नाही. पायाशी आपटला. "देवाशपथ, कोच, मी तुम्हाला कधी माफ करणार नाही," असं म्हणून तो निघून गेला. टोपीची कड त्याने डोळ्यांपर्यंत ओढली होती.

त्याच्या जागी आलेल्या पोराला दोघा फलंदाजांनी झोडपलं. आघाडी गेली, सामना गेला.

खेळाच्या सामानाच्या खोलीत स्टॉब्सने दार आपटून लावलं. तो इतका लाल झाला होता की मानेवरच्या शिरा मोजून घ्याव्यात. "स्वतःला कोण समजतोस? देव? माझा सामना विकलास तू!"

"विकत तू होतास. मी माल परत आणला."

"मैदानाची चावी टाक. सोमवारी तोंड दाखवू नकोस. या राज्यात तुला शाळेच्या पोरांनाही शिकवू देणार नाही मी."

वेन्डेलने चावी टाकली, मग वळून म्हणाला, "भिंतीवरचं रॉय्सचं चित्र काढ, डार्विन. नाहीतर त्याला बोलाव आणि त्याच्या हाताने काढून घे. त्याला जमतं का बघ."

वेन्डेलला वाटलं होतं, हे बोलल्यावर बरं वाटेल. बरं वाटलं नाही. हे वाक्य रॉय्स फेकत असतानाच बोलायला हवं होतं, हे त्याला कळत होतं, आणि त्यामुळे राग आणखीच भडकला.

सकाळी बायको व्हर्ना स्वयंपाकघरात गरम, पावासारख्या मऊ बिस्किटांत सॉसेज भरत होती. रात्रभरात फोन बरेच आले होते. एकाने तर निनावी शिव्या घातल्या. तिने फोनची तारच काढून ठेवली होती.

"आज चर्चला नाही यायचं?"

"मेम्फिसला जायचंय."

"त्या पोरासाठी? अहो, तो तुमचं तोंड बघायला तयार नाही. काल त्याचा बाप दारात येऊन काय काय बोलून गेला, ऐकलंत ना? तो येणार नाही."

"त्याने यायचं ठरलंच नव्हतं. मी जायचं ठरलं होतं."

"आणि दार नाही उघडलं तर?"

"बाहेर थांबेन."

व्हर्नाने हात पुसत त्याच्याकडे पाहिलं. "अजून संतापलेले आहात."

"हो."

"गाडी सावकाश चालवा मग."

तिने पुडकं त्याच्या हातात दिलं. एक होतं, तिने आणखी एक बांधलं. वेन्डेलने ट्रकचं दार हळूच लावलं. चावी अर्धी फिरवताच रेडिओवर स्टॉब्सची मुलाखत लागली, ती त्याने बंद केली. मग शेजारी जागे होऊ नयेत म्हणून ट्रक उतारावरून तसाच घरंगळू दिला, आणि रस्त्याला लागल्यावर इंजिन सुरू करून वसतिगृहाकडे वळवला.