एक लाख चार हजार सातशे एकोणतीस

गणिताचे विभागप्रमुख साहेब, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तरी तुम्ही अखंडबाबाशेजारी मान डोलावत बसलात.

तुमच्याच कॉलेजचं सभागृह, पाय ठेवायला जागा नाही. फळ्यावर १०४७२९.

"हा आकडा अखंड आहे!" बाबा गरजला. "बाकी उरणारच! ती बाकी म्हणजे तुमचं गेलेलं माणूस! मनात प्रश्न धरा, लहानसा आकडा घ्या, जोडीदारासाठी दुप्पट करा, त्यानं याला भागा. बाकी सम आली तर 'कर', विषम आली तर 'थांब'!"

"बाबा, माझी बायको जिवंत आहे. मग बाकी कुणाची?" एक दुकानदार ओरडला.

"तिच्या आईची!"

सभागृह खो खो हसलं. तुम्हीही हसलात. माझी मावशी मात्र रडत होती.

काका गेल्यापासून मावशी एकटी राहते. तिला काचबिंदू झालेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑपरेशन लांबवू नका, गेलेली नजर परत येत नाही. ती रोज सकाळी ओट्याशी उभी राहून 'ऑपरेशन करू का?' असं काकांना विचारत कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार मांडायची. नजर कमी होत गेली तसे तिचे आकडे मोठे होत गेले.

"ह्यांनी आजही 'थांब' म्हटलंय."

"कधी 'कर' म्हणाले का गं?"

"छे! जन्माचे हट्टी."

"आज दुप्पट न करता भाग."

"आणि ह्यांना वगळू?"

"एकदाच, मावशी."

तिनं तेवीस घेतले. बाकी आली दहा. तिचा चेहरा उजळला. "अरे, 'कर' म्हणाले!"

मी तिथेच गप्प बसलो असतो तर काम झालं असतं. पण मग तुमच्यात नि माझ्यात फरक काय उरला असता?

मी म्हटलं, "मावशी, ते बोलत नाहीत. ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच पूर्ण भाग जात नाही, म्हणून बाकी उरते. संख्या विषम आहे. दुप्पट केलेला आकडा नेहमी सम. विषमातून सम कितीही वेळा काढ, उरणार विषमच. 'थांब'शिवाय दुसरं उत्तर निघूच शकत नव्हतं."

तिनं पुन्हा भागून पाहिलं. मग पेन खाली ठेवलं.

"म्हणजे रोज सकाळी मी एकटीच बोलत होते."

ती चहाचं भांडं चाचपडत राहिली.

ऑपरेशन झालं. उजवा डोळा वाचला. डाव्याला उशीर झाला होता.

लोकहो, कुणी चमत्कार दाखवला तर त्याची एक अट बदला आणि पुन्हा करून बघा. एवढं शाळेतलं गणित पुरतं.

आणि साहेब, त्या दिवशी बाबानं माईक तुमच्या हातात दिला होता. दोन वाक्यांचं काम होतं. तुम्ही 'अद्भुत' म्हणालात. का? माझ्या मावशीच्या घरी या, तिच्यासमोर बसा आणि उत्तर द्या.