श्वास आत जाताना

श्वासाचं मशीन काढायचं ठरवलं ते ह्यांनीच. फुफ्फुसं आता सुधारणार नाहीत, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं, दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा आमच्या गृहस्थांनी मान हलवून होकार दिला. मरणाचं भय त्यांना नव्हतंच. भय होतं ते धापेचं. "जाताना मला गुदमरू देऊ नकोस," एवढंच त्यांनी घरी असताना मागितलं होतं, आणि मी हो म्हणून बसले होते.

दुपारी सिस्टर ह्यांचा नेहमीचा, औषधाच्या फवाऱ्याचा पंप घेऊन आली. तरुण डॉक्टर म्हणाला, "आता कशाला? थोड्या वेळानं मशीन काढायचंच आहे. धाप लागू नये म्हणून इंजेक्शन देणार आहोत आपण."

माझा पारा चढला. "अजून श्वास चालू आहे ना? मग औषधही चालू राहील!"

त्यानं एकदा ह्यांच्या छातीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरोबर आहे, काकू. छाती मोकळी असलेली बरी." त्यानंच पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली.

सिस्टरनं नळीतला फिल्टर काढला. तो राहिला तर औषध त्यातच अडकतं. पंप चांगला हलवून श्वास आत नेणाऱ्या नळीला जोडला. "मी दाबू?" मी विचारलं.

"दाबा. श्वास आत जायला लागला की लगेच."

जन्मभर मी ह्यांना बोल लावले: आधी दाबता, मग श्वास घेता, अर्धं औषध हवेला पाजता. आणि मी दाबला तो नेमका श्वास बाहेर पडताना.

"वाया गेला, काकू," सिस्टर म्हणाली.

पाहते तर हे भुवया उंचावून माझ्याकडे बघतायत. तोंडात नळी असूनही माणूस टोमणा मारू शकतो! मला हसू आलं, आणि लगेच रडू.

"मिनिटभर थांबा, मग पुढचा."

मी त्यांच्या छातीवर नजर लावून बसले. एवढा संसार झाला, पण ह्यांच्या श्वासाकडे इतकं लक्ष मी कधी दिलं नव्हतं. पुढचे फवारे वेळेवर गेले.

"अजून एक?" शेवटी मी विचारलं.

"लागतात तेवढे झाले," सिस्टर म्हणाली. पंप परत घ्यायची घाई मात्र तिनं केली नाही. तो मीच काढून दिला.

इंजेक्शन दिलं, नळी निघाली. श्वास लहान होत गेला, पण शांत होता. गळ्याच्या शिरा ताणल्या नाहीत. मी हात धरून विचारलं, "धाप लागतेय का हो?"

"नाही," ते पुटपुटले. किती दिवसांनी आवाज ऐकला मी त्यांचा!

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. पुन्हा "नाही."

तिसऱ्यांदा विचारून मी उत्तराची वाट बघत राहिले.