देवजी बसत नाही ती जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. माझा रंग मुळात पांढरा होता, आता कुठला म्हणावा ते मलाच सांगता येत नाही. मागचं दार दोरीनं बांधावं लागतं आणि हॉर्न वाजला तर रस्त्यातली कोंबडीसुद्धा बाजूला होत नाही. तरी रोज सकाळी माझा मालक नविन चावी फिरवतो आणि मी खोकत खोकत उठते. डहाणू तालुक्याच्या तलासरीकडच्या टोकाला आमचा पाडा. तिथून माणसं कासा गावच्या बाजाराला न्यायची आणि परत आणायची, एवढंच माझं काम. यात सांगण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या मधल्या सीटवर एक मुलगी बसली होती. तिला उतरवलं, तरी माझ्यातून ती अजून उतरलेली नाही.

माझा जन्म नाशिककडच्या कारखान्यातला. आधी एका ठेकेदाराकडे खडी आणि मजूर वाहून कंबर मोडून घेतली. मग २०१४ साली नविननं मला विकत घेतलं आणि पहिल्यांदा कुठे नेलं असेल, तर विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या दर्शनाला. अर्धा पाडा माझ्या पोटात, उरलेला टपावर. बॉनेटसमोर नारळ फोडला तो देवजीनं. देवजी पाड्यातला जुना माणूस, लाल बावट्याचा. आयुष्यभर मोर्चे काढले, वनजमिनीच्या पट्ट्यासाठी तुरुंगाची हवा खाऊन आला. नारळ फोडून त्यानं माझ्या चाकावर पाणी शिंपडलं आणि म्हणाला, "सांभाळ गं बाई पोरांना." मला भारी वाटलं. आजवर कुणी मला बाई म्हटलं नव्हतं.

पुढची चार वर्षं सुखाची गेली. डहाणूच्या खाडीवरची हिराबाई सुकटीची टोपली घेऊन कासाला माझ्यात चढायची आणि पाड्यापाड्यांवर विकत फिरायची. तिच्या वासानं लोक नाकं मुरडायचे आणि सुकट मात्र तिच्याकडूनच घ्यायचे. देवजीची मुलगी संगीता कासाला शिवणकाम शिकायला जायची. मधल्या सीटवर खिडकीशी बसायची आणि माझा हॉर्न वाजला की रोज नव्यानं हसायची. तिचं लग्न ठरायचं होतं, मशीन घ्यायची होती. नविनला ती दादा म्हणायची.

आता डावा-उजवा या शब्दांकडे येते. ते पाड्यावर आणले रूपेशनं. रूपेश कंपनीत कामाला लागला होता, हातात मोठा फोन आला होता. एक दिवस सगळी गाडी भरलेली असताना म्हणाला, "देवजीकाका, तुम्ही कोण आहात ठाऊक आहे का? फार लेफ्ट. म्हणजे टोकाचे डावे."

"मंजे रं काय?" देवजीनं विचारलं.

रूपेशनं फोनमध्ये बघून सांगितलं. फार पूर्वी लांबच्या एका देशात सभा भरली होती. राजाचा हक्क कमी करा म्हणणारे डाव्या हाताला बसले, राहू द्या म्हणणारे उजव्या हाताला. तिथून नावं पडली. मला हसू आलं. कोण कुठे बसतो यावरून माणूस ओळखता आला असता, तर मी पंडितच झाले असते. माझ्यात उशिरा आलेला माणूस मागच्या दाराला लटकतो, तो काय स्वभावानं लटकणारा असतो?

पण देवजीनं नीट उत्तर दिलं. "जो कसतो त्याची जमीन, ज्याला नाय त्याला सरकारनं द्यावी, ह्ये डावं आसंल तर मी डावा. टोकाचा म्हंशील तर नाय. टोकाचा तो, जो म्हंतो सगळं आताच उलथून टाका, कोर्ट नको, मत नको. मी दर खेपेला मत देतो."

"मग उजवा कोण?" रूपेशनं विचारलं.

"तो म्हंतो, ज्याचं हाय त्याचं राहू दे. धंदा करणाऱ्याला आडवू नका, देवधरम, रीत मोडू नका. त्यात पण चांगली माणसं हायेत."

हिराबाई टोपलीमागून बोलली, "मी तर त्यांनाच मत देते बाबा. पण बर्फाचा कारखाना सरकारनंच काढून द्यायला पाहिजे, आणि डिझेल पण स्वस्त दिलं पाहिजे. मग मी कोण?"

रूपेशला फोनमध्ये ते सापडलं नाही. सगळे हसले. मग संगीतानं विचारलं, "आणि नविनदादा?"

"तो सेंटरिस्ट," रूपेश म्हणाला. "मधला."

नविन गिअर टाकत म्हणाला, "मधला म्हणजे थोडं यांचं, थोडं त्यांचं, आणि जे करायचं ते हळूहळू, असंच ना? असेन बाबा. माझी गाडी खड्ड्यातून हळूच जाते."

तेव्हा हे हसण्यावारी गेलं. पण बोललेलं नाव माणसाला चिकटतं. मग त्याचं बोलणं कुणी ऐकत नाही, नावच ऐकतात. देवजी काहीही म्हणाला, तरी पलीकडचे म्हणू लागले, "तो टोकाचा, त्याचं काय घेऊन बसलात." आणि नविन गप्प बसला तर, "तो मधला, दोन्हीकडचं खातो."

२०१८ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे पोटनिवडणूक आली. सकाळी माझ्यावर लाल बावटा बांधला, दुपारी दुसऱ्या पक्षाचा झेंडा. नविन दोघांकडेही भाड्यानं गेला. देवजी पायवाटेवर उभा होता. त्यानं तो दुसरा झेंडा माझ्या बॉनेटवर पाहिला. ज्या गाडीतून तो पट्ट्यांच्या मोर्चाला गेला होता, तीच ही गाडी. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पाठ फिरवून पाड्याकडे चालू लागला.

निवडणुकीनंतर पाड्याची बैठक बसली. देवजीनं मध्ये नारळ ठेवला आणि त्यावर हात ठेवून महालक्ष्मीची शपथ घेतली की, आपल्या घरातलं कुणी या गाडीत बसणार नाही. मग एकेका घरानं हात ठेवला. आमच्याकडे अशी शपथ एकदा घेतली की ती माणसाची राहत नाही, घराची होते. आणि मोडली तर देवी बघून घेते. नविन मागे उभा राहून सगळं ऐकत होता. दुसऱ्या दिवसापासून मी हिराबाईला आणि तिच्या टोपलीला घेऊन जवळजवळ रिकामी धावू लागले. संगीता चालत हायवेला जायची. मी शेजारून जाताना ती खाली बघायची. मला ते फार लागायचं.

पावसाळा सरला आणि गवत कापणी सुरू झाली. त्या दिवशी उन्हं वर आली असतील, माळावरून बायकांचा गलका ऐकू आला. संगीताच्या पायाला नाग चावला होता. नविन जेवत्या ताटावरून उठला. हातही न धुता त्यानं मला चालू केलं आणि माळाच्या पायथ्याशी नेऊन उभं केलं. बायकांनी तिला लुगड्याच्या झोळीतून खाली आणलं आणि मधल्या सीटवर निजवलं. त्या घाईत शपथेची आठवण कुणालाच झाली नाही. संगीताच्या पापण्या जड झाल्या होत्या. ती म्हणाली, "नविनदादा, हॉर्न वाजव ना." तो वाजवत सुटला.

तेवढ्यात देवजी धावत आला. आधी त्यानं मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग जमलेल्या पाड्याकडे. मित्रांनो, मी शपथेवर सांगते, त्यानं तिला तसंच जाऊ दिलं असतं, तर त्याला कुणी अडवलं नसतं. एकजण जरी बोलला असता तरी चाललं असतं. पण सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत होते, आणि त्याला वाटलं ते शपथेकडे बघताहेत.

"उतरवा तिला," तो म्हणाला. "तलासरीहून आपली, बावट्याची गाडी मागवलीय. येतेच हाय."

"काका, शपथ तुम्ही घेतली," नविन म्हणाला. "तिनं नाय घेतली."

"घरानं घेतली. देवी कोपली तर ती वाचंल का?"

मग त्यानं स्वतःच तिला माझ्यातून उचललं. बघा, ज्याला सगळे टोकाचा डावा म्हणत होते, तो देवीच्या भीतीनं आणि रीतीसाठी अडून बसला. आणि दोन्हीकडचं खाणारा मधला नविन, त्याच्या मनात त्या घटकेला हळूहळू असं काही नव्हतंच. त्यांची 'आपली' गाडी आली, पण उशिरा. कासाच्या दवाखान्याच्या अलीकडेच संगीता गेली.

त्यानंतर काही दिवसांतच जमीन हलायला लागली. त्या हिवाळ्यात आमच्या भागात भूकंपाचे धक्के बसत होते ते तुम्ही ऐकलं असेल. लोक घरं सोडून अंगणात तंबू ठोकून राहिले. एकाच तंबूत लाल, दुसरे आणि मधले, सगळे चिकटून निजले. थंडीत कुणी कुणाला विचारलं नाही. धक्का बसला की माझं दोरीचं दार खडखडतं. मधल्या सीटची स्प्रिंग दबते, कुणी बसल्यासारखी. नविन वळून बघतो. मीही बघते. काही नसतं, आणि तरी ती सीट गरम असते. मला तिची भीती वाटत नाही.

२०१९ मध्ये पुन्हा निवडणूक आली. पोरं झेंडे घेऊन आली, नविननं सगळ्यांना नको म्हणून सांगितलं. पाड्यातली माणसंही एकेक करून माझ्यात बसू लागली. शपथेचं नाव कुणी काढत नाही. रूपेशला कुणी विचारलं की अमका कोण रे, डावा की उजवा, तर तो म्हणतो, "त्यालाच विचार ना जाऊन."

देवजी मात्र बसत नाही. लाल बावटा त्यानं सोडलेला नाही, आणि का सोडावा? ते त्याचं मत आहे, त्यासाठी त्यानं मार खाल्लाय. तो कासाला चालत जातो, उन्हातान्हाचा, हायवेच्या कडेनं. दर बाजाराला नविन त्याच्या शेजारी मला थांबवतो आणि मधलं दार उघडून धरतो.

"बसा काका."

देवजी मान हलवतो. हिराबाई एकदा न राहवून रागावलीच. "अहो, सगळा पाडा बसतो. देवीनं कुणाला काय केलं? आता कसली शपथ धरून बसलाय?"

देवजी थांबला. त्यानं माझ्या सीटवर हात ठेवला, जिथे ती निजली होती तिथेच.

"शपथ नाय गं बाय," तो म्हणाला. "आज मी बसलो, तर तवा तिला का उतरवली?"

तो पुढे चालू लागला. नविन त्याच्या मागून, त्याच्या चालीनं, कासापर्यंत मला हळूहळू नेत राहिला, आणि गाडीतल्या कुणीही घाई कर म्हटलं नाही.

मित्रांनो, मतं जरूर ठेवा, घट्ट ठेवा, त्यांसाठी भांडासुद्धा. पण कुणाला नाव चिकटवण्याआधी त्याला जवळ बसवून विचारा, तुझं म्हणणं काय. आणि कुणाला झोळीत घालून तुमच्या दाराशी आणलं, तर तेही विचारू नका. दार उघडा.