भुशाखालचा बर्फ

साइमीचं पत्र येऊन तीन उन्हाळे उलटले होते आणि मी उत्तर दिलं नव्हतं. मी फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवायचो तेव्हाची ती माझी वाचक. नवरा गेल्यावर नदीकाठच्या गावी एकटीच राहायची. पत्रात महत्त्वाची ओळ एकच होती: "येत्या उन्हाळ्यात तुमची लक्क्यांची दलदल मला दाखवाल का?"

फिनलंडच्या उत्तरेला, लाप्लांडमध्ये, हा प्रश्न साधा नाही. लक्के, म्हणजे दलदलीत उगवणारी सोनेरी रानफळं, आपल्याला कुठे मिळतात हे माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही. वडिलांनी मला ती जागा मरताना सांगितली, तीही सवयीने भलतीकडेच बोट दाखवून. दलदल दाखवायची ती फक्त जिच्याशी लग्न करायचं तिला.

माझी तयारी होती, पण दलदल रिकामी होती. पूर्वी बर्फ मेअखेरीला जायचा, आता बराच आधी वितळतो. लक्क्यांना वाटतं, उन्हाळा आला. ते फुलतात, मग जूनच्या गोठवणाऱ्या लोखंडी रात्री येतात आणि फुलं काळी पडतात. बाईला नुसत्या चिखलात नेऊन उभं करायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

चौथ्या हिवाळ्यात एका जुन्या शेतकी मासिकात वाचलं की पूर्वी डेअरीवाले लाकडाच्या भुशात बर्फ उन्हाळाभर टिकवायचे. मी ठरवलं, दलदलीलाच भुशाचं पांघरूण घालायचं. बर्फ उशिरा जाईल, फुलं उशिरा येतील, लोखंडी रात्रींच्या हाती काही लागणार नाही. कल्पना मूर्खपणाची आहे, असं मला तेव्हाही वाटत होतं.

लाकूडगिरणीतून पोती आणून मी घसरगाडीवरून नेऊ लागलो. शेजारच्या ओइवाने विचारलं, भुसा कशाला? मी म्हटलं, सौनाची, वाफेच्या न्हाणीघराची, वाट निसरडी झालीय.

"एवढा? तुझी सौना काय हेलसिंकीला आहे का रे?"

मला खोटं बोलता येत नाही आणि पोतंही नीट शिवता येत नाही. घरापासून दलदलीपर्यंत भुशाची पिवळी रेघ पडत गेली. मला वाटलं, वाट छान मळलीय.

जूनमध्ये सगळ्यांची फुलं गोठली. माझी तेव्हा बर्फाखाली झोपली होती. मग मी भुसा ओढून काढला आणि लक्के फुलले.

ऑगस्टमध्ये बादली घेऊन गेलो, तर दलदलीत अख्खं गाव वाकलेलं. दुसऱ्याच्या दलदलीत सापडणं लाजिरवाणं, म्हणून जो तो म्हणाला, हरवलेलं रेनडिअर शोधतोय. गावात तेवढी रेनडिअर नव्हती. पाद्र्यांची बायको तर गुडघे टेकून शेवाळात हाका मारत होती. ओइवाची बादली काठोकाठ भरली होती.

"रेनडिअर बादलीत आहे का?" मी विचारलं. इतकं धारदार मी कधी बोललो नव्हतो. लगेच माफी मागितली.

तो खजील होऊन शेजारी बसला आणि हळूहळू साइमीचं सगळं त्याने माझ्याकडून काढून घेतलं.

"मग झालं की वाटोळं," तो म्हणाला. "दलदल गावाला दाखवून बसलास. आता तिला दाखवून काय उपयोग? तोंडानेच विचारावं लागणार, कालेर्वो."

तेच तर मी टाळत आलो होतो.

बरेच कागद फाडल्यावर एक राहिला: "साइमी, माझी दलदल आता सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ती दाखवण्यात अर्थ उरला नाही. सरळच विचारतो. माझ्याशी लग्न कराल का? नाही म्हणालात तरी लक्के वेचायला या, गाव येतंच."

ओइवा टपालपेटीपर्यंत सोबत आला, कारण माझ्यावर त्याचा विश्वास नव्हता. पाकीट अर्धं आत गेलं आणि मी थांबलो; 'सरळच' जरा उद्धट वाटतंय का, म्हणून. त्याने माझ्या बोटांवर चापट मारली. पत्र आत पडलं.