आईच्या मापाचा कॅमेरा

ताईला व्हिडिओ कॅमेरा कशाला हवाय हे तिच्या धाकट्या भावाला, फ्रिजवाल्याला, कळत नव्हतं, आणि जे कळत नाही ते आपल्याविरुद्धच असणार असं धरून चालायची त्याला जुनी खोड होती. कुणाचा फ्रिज बंद पडला तर तो दुरुस्तीची पेटी उघडण्याआधी घरातल्यांच्या तोंडांकडे बघायचा.

"आईला हवाय," ताई म्हणाली. "अर्धे तू घाल, अर्धे मी."

आईला! जन्मापासून ऐकू न आलेली, त्यामुळे बोलायला न शिकलेली बाई. उभा जन्म तिने छापखान्यात पुस्तकं शिवली, पण तिला शाळेत कुणी घातलंच नाही, म्हणून त्यातलं एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं. तिचं बोलणं म्हणजे तिचे हात. त्या खुणा घरातल्याच. बाहेर कुणाला कळत नसत. दवाखाना असो की बाजार, तिचं म्हणणं सांगायला ताई नाहीतर फ्रिजवाला लागायचाच. आणि दुसऱ्याचं बोलणं ज्याच्या तोंडात असतं, त्याच्यासारखा सुखी माणूस नाही. कोण पडताळायला येतंय?

पुस्तकं शिवून आईने दोन खोल्या घेतल्या होत्या, स्वतःच्या नावावर. त्या विकाव्यात, आईने आपल्याकडे यावं आणि त्या पैशात आपलं दुकान उभं राहावं, हा फ्रिजवाल्याचा बेत होता. आईने शेवटपर्यंत तिथेच राहावं आणि मग... हे वाक्य ताईने कधी पुरं केलं नव्हतं. पण तिचा नवरा आला की त्या खोल्यांच्या भिंती बोटाने वाजवून बघायचा. रविवारी तो लांब नाकाचा दलाल यायचा होता, आणि रविवारच्या आत कॅमेरा! आंधळ्यालाही यात काळंबेरं दिसलं असतं.

"मोबाइलमध्ये काढ की," कॅमेऱ्याच्या दुकानाची पायरी चढता चढता त्याने खडा टाकून पाहिला.

"मोबाइल तुझा नाहीतर माझा. तिला स्वतःचा हवाय. शेजारच्या लग्नात पाहिला तिने, बाजूला पडदा उघडणारा. तेव्हापासून मागे लागलीय."

दुकानदाराने काचेवर तीन कॅमेरे मांडले. "घरात तान्हं बाळ आहे का? की कुठे फिरायला निघालात?"

"म्हातारी आई आहे."

"मग हा घ्या. आवाज इतका स्वच्छ पकडतो, की..."

"आवाज नसला तरी चालेल," ताई म्हणाली.

दुकानदार ताईकडे बघत राहिला. फ्रिजवालाही. आवाज नको? म्हणजे पुरावाच गोळा करायचा असणार.

"जवळ बसलेल्या माणसाचा चेहरा आणि दोन्ही हात एकदम दिसायला हवेत. बोटन् बोट."

"मग झूमवर पैसे घालू नका. लांबचं जवळ आणायला लोक पैसे मोजतात आणि आयुष्यभर घरातलीच माणसं काढतात. तुम्हाला रुंद पकडणारी काच हवी. खोलीत उजेड कसा आहे?"

"एकच खिडकी."

"तर तो स्वस्तातला विसरा. कमी उजेडात बोटांचा पार लगदा करतो. हा मधला घ्या."

"छोट्या, स्टुलावर बस," ताई म्हणाली. पंचेचाळिशीच्या माणसाला ती अजून छोट्याच म्हणायची. "मूठ हनुवटीखाली धर. हं. आता छातीवर. फरक कळतो का बघते."

फ्रिजवाल्याचा हात अर्ध्यातच थिजला. हनुवटीखाली मूठ म्हणजे 'थांब, विचार करते.' छातीवर मूठ म्हणजे 'ठरलं.' गेल्या खेपेला दलालासमोर आईने मूठ हनुवटीखाली धरली होती आणि त्याने स्वतःच्या छातीवर मूठ ठेवून बेधडक सांगितलं होतं, "आई म्हणते, ठरलं." ताई तेव्हा स्वयंपाकघरात होती. होती ना?

"ह्याच खुणा का गं?"

"आईने ह्याच सांगितल्या. का, घाम का आला तुला?"

"पंखा कुठेय इथे!"

पंखा डोक्यावर गरगरत होता.

ताईने तिपाई स्टँड घेतला, म्हणजे कुणी धरायला नको. बटण मोठं आहे ना, सुजलेल्या बोटाने दाबलं जातं ना, ते दहादा पाहिलं. फ्रिजवाल्याने आपला हिस्सा काढून दिला तेव्हा त्याला आपल्याच फासाची दोरी विकत घेतल्यासारखं वाटलं. ताई मात्र सगळी वाट खुशीत होती. तेच त्याला जास्त झोंबत होतं.

घरी आईने कॅमेरा हातात घेतला आणि नव्या पुस्तकाची शिवण तपासावी तसा सगळीकडून दाबून पाहिला. ताईने दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा आईने तिचा हात झटकला, स्वतः बटण दाबलं आणि खुर्चीत जाऊन बसली.

तिने दाराला हात लावला, मग दाराची खूण केली. तांब्या उचलला, पाण्याची खूण केली. ताईकडे बोट दाखवून हवेतली वेणी ओढली: ही ताई. फ्रिजवाल्याकडे बोट दाखवून थंडीने काकडल्यासारखे तळहात चोळले: हा धाकटा. लांब नाक ओढून दाखवलं: दलाल. आधी वस्तू, मग खूण, सावकाश. परक्यालाही कळावं असं. फ्रिजवाल्याला जरा हायसं वाटलं. म्हातारीचा खेळ आहे झालं.

मग आईने दोन पातळं घेतली. एक पाहिलं, दुसरं पाहिलं, मूठ हनुवटीखाली. एक निवडून कपाटात ठेवलं, दार लावलं, मूठ छातीवर.

आणि मग लांब नाक. हनुवटीखाली मूठ. काकडलेले तळहात, भराभर हलणारं तोंड, छातीवर मूठ. आईने मान जोरात हलवली: नाही.

ताई गालातल्या गालात हसली. तिचं हसू पुरतं उमटायच्या आतच आईने हवेतली वेणी ओढली. गुडघ्यावर हात, डॉक्टरांची नळी कानात. छातीवर मूठ. मग वेणी, हलणारं तोंड, घाबरल्याचा चेहरा. पुन्हा जोरात मान: नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन आईला हवं होतं. ताईने डॉक्टरांना घाबरल्याचा चेहरा करून सांगितलं होतं, आई घाबरते, नको म्हणते. शुश्रूषा कुणी करायची?

"तुला माहीत होतं हे?" फ्रिजवाल्याने विचारलं.

"मला वाटलं फक्त तुझंच काढणार आहे," ताई म्हणाली. आईच्या मुलांमधला हा पहिला खरा संवाद असावा.

रविवारी दलाल आला. आईने त्याला खुर्ची दाखवली आणि कॅमेऱ्याचा पडदा त्याच्या नाकासमोर धरला. तो शेवटपर्यंत बघत राहिला. फ्रिजवाला भिंतीशी उभा.

"म्हणजे ठरलेलं नव्हतंच," दलाल म्हणाला. "तुम्ही तर छातीठोक सांगितलंत, साहेब. मी पुढे शब्द देऊन बसलोय."

"अहो, ती त्या दिवशी..."

आईने मधेच दाराला हात लावला, मग जमिनीवर दोन्ही पाय रोवले, मग मूठ छातीवर आपटली. तिथल्या तिथे खोकला आला इतक्या जोरात. खोकला ओसरल्यावर तिने गुडघा दाखवला, नळी कानात घातली आणि पुन्हा तीच मूठ.

"आई म्हणते..." फ्रिजवाला आणि ताई एकदम बोलले.

"थांबा हो तुम्ही," दलाल म्हणाला. "दार म्हणजे घर असणार. पण हे गुडघ्याचं काय? ते कुठे होतं?"

आणि तो पडद्यावर मागे मागे जात ती खूण शोधू लागला. आई त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि नेमकं कुठे थांबायचं ते त्याला बोटाने दाखवू लागली.