लांब्याची पकड

त्या सकाळी आमच्या फायर स्टेशनच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वसाहतीतली बायकामुलं, सुट्टीवरचे जवान, सगळे मांत्रिकाभोवती दाटीवाटीने उभे. त्याने एका जवानाच्या मानेच्या बुडाशी, खांद्याकडे जाणाऱ्या हाडामागच्या खळग्यात अंगठा रुतवला. जवानाची बोटं झटक्यात उडाली. "धरलं, मला धरलं," तो कळवळला.

"बघा," मांत्रिक म्हणाला, "खांद्यावर हात टाकून बसलाय. तुम्ही त्याला आत सोडून आलात ना? आता तो तुम्हाला सोडत नाही."

माणूस बोलण्यात भलताच तयार. भुताचा पत्ता विचारला असता तर घर नंबरासकट दिला असता.

पण तेव्हा मला हसू आलं नव्हतं. आमचा जवान लांब्या तीन महिन्यांपूर्वी गोदामाच्या आगीत गेला आणि पुढच्या काही आठवड्यांत उरलेल्या सहाही जवानांचे हात बधिर व्हायला लागले. एकाच्या हातून होजपाइप सुटला, एकाला शर्टाची बटणं लावता येईनात. मी गाडीचा ड्रायव्हर, मला काही झालं नव्हतं. तरी शेडमध्ये एकटा असलो की मी सारखा मागे वळून बघायचो. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

मांत्रिकाचा उपाय एकच. आठ दिवस धुरात शिरताना लागणारा हवेचा सिलेंडर पाठीवर घ्यायचा नाही. उतारही पडायचा, म्हणून तर त्याचा भाव वाढला. ड्युटी सुरू झाली की पुन्हा तेच. त्या सकाळी त्याने शेवटचं सांगितलं, "त्याची बायको इथे आहे तोवर तो जायचा नाही. सोमवारपर्यंत तिची खोली रिकामी करा."

लांब्याची बायको, आमच्या वहिनी, दारातच उभ्या होत्या. वाद नाही, काही नाही. "एवढे रागावलेत का माझ्यावर?" एवढंच पुटपुटल्या.

वार्षिक तपासणीला आलेल्या डॉक्टरबाई कोपऱ्यातून सगळं बघत होत्या. त्या तडक माझ्याकडे आल्या आणि त्याच खळग्यात अंगठा दाबला. माझी बोटं झिणझिणली.

"यांनाही धरलं का हो? हे तर कधी आगीत शिरत नाहीत," त्या मांत्रिकाला म्हणाल्या. "या, तुमचंही बघू."

मांत्रिक दोन पावलं मागे सरला.

"हाताच्या नसा इथूनच जातात. जोरात दाबलं की मुंग्या येतात. नस आधीच दुखावलेली असेल तर माणूस उडतोच. यांची दुखावली कशाने, ते बघायला हवं."

एका जवानाला त्यांनी सिलेंडर चढवायला लावला. त्याने खांद्याचे पट्टे करकचून आवळले. कमरेचा पट्टा तसाच लोंबत राहिला.

"हा नाही लावत?"

जवानाने तो लोंबता पट्टा हाताने मागे सारला.

"आमचे हे तर तो सगळ्यात आधी लावायचे," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, का नाही लावत कुणी?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "वहिनी, लांब्या धुरात झोपल्यासारखा गेला, असं मी तुम्हाला सांगितलं. ते खोटं होतं. त्याचा कमरेचा पट्टा वाकलेल्या रॅकमध्ये अडकला होता. जवान त्याच्यापर्यंत पोचले तेव्हा त्याचे दोन्ही हात बकलावर होते. त्यानंतर तो पट्टा कुणी लावलाच नाही. ठरवलं नव्हतं, पण हात धजत नाही."

डॉक्टरबाईंचा आवाज खाली आला. "मग कमरेने पेलायचं वजनही खांद्यांवरच लटकतं. खांद्याचा पट्टा नस चेपतो, हात बधिर होतो. आठ दिवस ओझं उतरलं की बरं वाटतं. यात कुणाचा राग नाही."

मांत्रिक कधी सटकला, कळलंच नाही.

वहिनी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "म्हणजे ते माझ्यावर रागावले नव्हते."

"नाही, वहिनी."

"आणि इथे नव्हतेच."

"नव्हता."

तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या मोकळेपणी रडल्या.

त्यांची खोली त्यांच्याकडेच राहिली. पाच जवानांचे हात हळूहळू सुधारले. सहाव्याची दोन बोटं अजून बधिर आहेत. महिनाभर आधी आला असता तर तीही सुधारली असती, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. तो महिना त्याने मांत्रिकाच्या पुढ्यात बसून घालवला होता.

घाबरण्यात लाज नाही. पण मेलेल्या माणसावर आळ घेऊन कुणी जिवंत बाईला घराबाहेर काढायला निघालं, तर एवढं तरी विचारा: हे कुणाला होतं, कुणाला होत नाही, आणि कधी थांबतं? मी पहिल्याच आठवड्यात विचारू शकलो असतो. सिलेंडर न घेणाऱ्या मला एकट्याला काही होत नव्हतं, आणि का होत नाही हे मी कुणाला विचारलं नाही.