‘ही’ म्हणजे कोण

“ताई, माळ्यावर डुलकी लागली की काय?” खालून माझी धाकटी जाऊ ओरडली. “शिडी धरून धरून माझे हात शिडीचेच झाले!”

मी माळ्यावर गुडघे टेकून बॅटरीच्या उजेडात भिंतीवरची अक्षरं एकेक करून लावत होते.

घर शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचं. खिडकीकडची भिंत खालपासून माळ्यापर्यंत ओलावली होती, पोपडे सुटले होते. भिंतीला टेकवून ठेवलेल्या कापडांवर काळे ठिपके पडायला लागले होते, आणि कापडं गिऱ्हाइकांची. म्हणून बाईंनी आम्हाला बोलावलं. गळती काढणं हा आमचा धंदा. आधी माझ्या नवऱ्याचा होता. मी त्याला माल कालवून द्यायची, शिडी धरायची. तो गेल्यावर मी थापी उचलली आणि जावेला शिडीपाशी उभं केलं.

नवऱ्याची एक रीत होती. गळतीचं मूळ सापडलं, की तो भिंतीवरच पेन्सिलीने तारीख टाकायचा आणि पाणी कुठून येतं ते दोन शब्दांत लिहून ठेवायचा. पुढच्या कारागिराला पहिल्यापासून शोधायला नको, म्हणून. मला वाटायचं, मापं लिहितो. मला कुठे वाचता येत होतं! तो गेल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, मी बाराखडी शिकले. तोवर त्याचं लिहिलेलं सगळं लोकांच्या रंगाखाली गेलं होतं. घरात त्याच्या हातची एक ओळ नाही.

या घरात आम्ही बारा वर्षांपूर्वी काम केलं होतं. माळ्याच्या आतल्या भिंतीला कोणी रंग लावायच्या भानगडीत पडलं नव्हतं. तिथे होतं ते. वर तारीख आणि खाली: ‘नळ नाही. ही म्हणते तेच खरं. छज्जा.’

तीनदा वाचलं. ‘ही’ची वेलांटी दीर्घ आहे ना, तेही बघितलं.

तो दिवस मला लख्ख आठवला. “न्हाणीतला नळ फुटलाय भिंतीत,” तो म्हणाला होता. मी भिंतीवर तळहात फिरवला आणि म्हटलं, “नळ नाही. वर, छज्ज्याच्या सांध्यातून येतंय.”

“तू माल कालव,” तो म्हणाला.

न्हाणीतल्या चार फरश्या फोडल्या. आत ठणठणीत कोरडं. दुसऱ्या दिवशी त्याने गुपचूप छज्जा भरला, माळ्यावर जाऊन आला, आणि मला एका शब्दाने काही बोलला नाही. एकतीस वर्षांच्या संसारात ‘तुझं बरोबर होतं’ हे त्याच्या तोंडून निघालं नाही. मी वाट पाहिली नाही असं म्हणाले, तर ते खोटं होईल.

खाली उतरून जावेला सांगितलं. “मला ‘ही’ म्हणायचा तो. चार लोकांत कधी नाव घेतलं नाही माझं.”

जावेने शिडीच्या पायरीवर नखाने ओरखडलं. मग म्हणाली, “ताई, रागावू नका हं. पण ‘ही’ म्हणजे भिंत नसेल कशावरून?”

“भिंत?”

“भाऊजी काय सांगायचे? भिंत बोलते, तिचं ऐकून घ्यावं. मग ‘ही म्हणते’ म्हणजे भिंत म्हणते. तीपण ‘ही’च की.”

“तुला ‘अ’ ओळखता येत नाही आणि मला वाचायला शिकवतेस?”

“‘अ’ नाही ओळखत,” ती हळूच म्हणाली. “भाऊजींना ओळखत होते.”

मला हसायला यायला हवं होतं. आलं नाही. मी बाईंना विचारलं, “तेव्हाच्या मालकांचा काही पत्ता आहे का हो तुमच्याकडे?”

“ते वारल्यावर मी हे घर घेतलं,” त्या म्हणाल्या. “सातच वर्षं झाली.”

म्हणजे विचारायला कोणीच उरलं नव्हतं.

छज्ज्याचा सांधा पुन्हा तडकला होता. तो बाहेरून भरायचा होता. पण आतल्या गिलाव्यात खार भरला होता, आणि तो विटेपर्यंत खरवडल्याशिवाय नवा गिलावा धरत नाही. बाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तेवढा वीतभर तुकडा राहू द्या. माळ्यावर कोण बघायला जातंय?”

“राहू द्या, ताई,” जाऊपण म्हणाली.

माझ्या मनात दुसरं काय होतं! मी वर चढून अक्षरांच्या बाजूला अंगठा दाबला. गिलावा भिजलेल्या बिस्किटासारखा आत गेला.

“राहिलं तर ओल पुन्हा इथूनच पसरणार.”

“कोण म्हणतं?”

“भिंत म्हणते,” मी म्हटलं. जाऊ हसली नाही.

बाईंनी मोबाईलवर फोटो काढून पाहिला. ओल्या भिंतीवरची फिकट पेन्सिल त्यात आलीच नाही, नुसता करडा डाग आला.

मी छिन्नी घेतली. आधी ‘छज्जा’ काढला, मग ‘नळ नाही’, मग ‘म्हणते तेच खरं’. ‘ही’ उरली तेव्हा छिन्नी बाजूला ठेवून बोटांनीच ओढली. अख्खी निघेल असं वाटलं होतं. तळहातावर आली ती भुगा होऊन.

दुसऱ्या दिवशी छज्जा भरला, आतून नवा गिलावा केला. नव्या गिलाव्याला सात दिवस पाणी मारावं लागतं. पाण्यापासून वाचवायची भिंत आधी पाण्यानेच भिजवायची, आमचा धंदा असा आहे. हे काम घरचं माणूस करतं. बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी केलं असतं. मी सांगितलं नाही. रोज सकाळी एकटीच जायची, माळ्यावर चढायची, मगाने पाणी मारायची. भिंत ते पाणी चुरचुरत पिऊन टाकायची. ती गप्प होईपर्यंत मी तिथे बसून राहायची.

आठव्या दिवशीही गेले.

बाईंनी दार उघडलं. मशीनवरची बाही अर्धी सोडून आल्या होत्या. बोटाला सुई टोचू नये म्हणून घातलेली टोपी अजून बोटातच होती. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, काही न विचारता आत गेल्या, आणि बादली भरून घेऊन आल्या.